एका बेटाची किती नावं? युरोपा युनिव्हर्सालिसच्या नकाशावरचा इतिहास

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा गेम सुरू केला की तारीख दिसते ११ नोव्हेंबर १४४४. आदल्याच दिवशी वार्नाच्या लढाईत ऑटोमन सुलतानाने हंगेरी-पोलंडच्या राजाला हरवलेलं असतं. कॉन्स्टँटिनोपल अजून बायझंटाइनांकडे आहे, आपल्याकडे बिदरला बहामनी आणि हंपीला विजयनगर आहे. यातलं एखादं राज्य निवडायचं आणि १८२१ पर्यंत चालवायचं. कर, सैन्य, तह, वसाहती, धर्म, सगळं आपल्या हाती. ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणतात तो हाच प्रकार. खेळणारा तासन्‌तास नकाशाकडे बघत असतो, आणि त्यामुळे नकाशावर कुठलं नाव लिहिलंय हा या गेममध्ये सजावटीचा प्रश्न राहत नाही. अनेकांना एजियन समुद्रातली किंवा हिंदी महासागरातली बेटं पहिल्यांदा इथेच भेटतात. इथे वाचलेलं नाव डोक्यात बसतं ते कायमचं.

म्हणून ‘इतिहासाला धरून नाव’ म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यायला हवं. बेटांच्या बाबतीत तर फारच, कारण तिथे हा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो.

आधी गेम हे काम कसं करतो ते पाहू. जग हजारो तुकड्यांत वाटलेलं असतं. खेळणारे त्या तुकड्याला प्रॉव्हिन्स म्हणतात, आपण प्रांत म्हणू. प्रत्येक प्रांताला एक कायमचा क्रमांक असतो. स्टॉकहोम १, कॉन्स्टँटिनोपल १५१. गेमच्या दृष्टीने खरा तो क्रमांक, नाव ही त्यावर टांगलेली पाटी. पाटी कोणती टांगायची हे साध्या टेक्स्ट फाइलींत लिहिलेलं असतं. काही फाइली एकेका देशाच्या, काही एकेका संस्कृतीच्या, काही संस्कृतींच्या गटाच्या. आतल्या ओळी अगदी सोप्या: क्रमांक, बरोबरचं चिन्ह, अवतरणचिन्हांत नाव. प्रांत एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेला की गेम नव्या मालकाच्या देशाची फाइल उघडतो. तिथे ओळ नसेल तर त्याच्या मुख्य संस्कृतीची, तिथेही नसेल तर गटाची. कुठेच सापडली नाही तर मूळ नाव तसंच राहतं. ऑटोमनांनी १५१ क्रमांक घेतला की कॉन्स्टँटिनोपलचं कोस्तान्तिनिये होतं ते या पद्धतीने.

या फाइली कुणालाही नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. त्यामुळेच हौशी मॉडर मंडळी, म्हणजे गेमच्या फाइली आपल्या मनाने बदलणारे खेळाडू, वर्षानुवर्षं त्यात भर घालत आली आहेत. पण या रचनेत एक गोष्ट मुळातच नाही, ती म्हणजे वर्ष. ‘मालक कोण’ एवढंच गेम विचारतो. ‘त्या मालकाने हे नाव केव्हापासून केव्हापर्यंत वापरलं’ हे विचारत नाही. शिवाय ‘हे नाव अख्ख्या बेटाचं की त्यावरच्या एका गावाचं’ हाही प्रश्न आपोआप सुटत नाही. माझं म्हणणं असं आहे की बेटाच्या नावाला तीन आधार लागतात: कोण म्हणत होतं, केव्हा म्हणत होतं आणि कशाला म्हणत होतं. तिन्ही पक्के असतील तरच ते नाव इतिहासाला धरून आहे.

जमिनीवरच्या गावाचं नाव बहुधा तिथे राहणारे ठेवतात. बेटाला मात्र लांबून येणारा दर्यावर्दीही नाव देतो, आणि तो कुठून येतोय यावर ते नाव ठरतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटं बघा. नॉर्वेहून ऑर्कनी-शेटलंडमार्गे खाली उतरणाऱ्या नॉर्स लोकांना ती दक्षिणेला लागत, म्हणून त्यांनी त्यांना ‘सुद्रेय्यर’ म्हटलं, दक्षिणेची बेटं. मुख्य भूमीवरच्या गेलिक लोकांना दिसलं ते हे, की तिथे परके येऊन बसलेत. त्यांनी नाव दिलं ‘इन्शे गाल’, परक्यांची बेटं. दोन्ही नावं एकाच काळातली, दोन्ही खरी. १२६६ च्या पर्थच्या तहाने ही बेटं नॉर्वेकडून स्कॉटलंडकडे गेली, तरी नॉर्स नाव ‘सोडोर’ या रूपात एका बिशपच्या पदवीत आजपर्यंत टिकलं आहे. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा गेम ८६७, १०६६ अशा वर्षांपासून खेळता येतो. तिथे या बेटांवर नॉर्स सरदार बसला की एक नाव आणि गेलिक बसला की दुसरं, हे अगदी योग्य आहे. त्यातलं एक ‘अस्सल’ ठरवून दुसरं पुसायला गेलात तर अर्धा इतिहास जातो.

स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी-शेटलंड बेटांमध्ये वेगळीच अडचण आहे. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्चन याच्याकडे मुलीच्या हुंड्याचे पैसे नव्हते, म्हणून त्याने १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं. पैसे कधीच फिटले नाहीत. १४७२ मध्ये स्कॉटलंडने बेटं कायमची जोडून घेतली. गेमच्या नियमाने त्या क्षणी ‘याल्टलंड’चं ‘झेटलंड’ होतं. कागदावर ते बरोबर आहे, स्कॉट दप्तरं असंच लिहीत. पण तिथले शेतकरी आणि कोळी नॉर्न ही नॉर्स वळणाची भाषा त्यापुढेही दोन-अडीचशे वर्षं बोलत राहिले. म्हणजे नकाशावरचं नाव सरकारचं आहे, रहिवाशांचं नाही, हे खेळणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मला स्वतःला हे चालतं, कारण १४४४ ते १८२१ चा नकाशा हा मुळात राजदरबारांचा नकाशा आहे. फक्त ते नाव दरबारात खरोखर लिहिलं जात होतं, याचा पुरावा हवा.

आता क्रीट. बेटांच्या नावांचा सगळा गुंता ज्याला एका ठिकाणी बघायचा असेल त्याने क्रीट बघावं.

ग्रीक लोक या बेटाला पूर्वीपासून क्रीती म्हणतात. ८२० च्या दशकात अंदालुसियातून (आजच्या स्पेनमधून) हाकलले गेलेले अरब अलेक्झांड्रियामार्गे इथे उतरले आणि त्यांनी उत्तर किनाऱ्यावर खंदक खणून एक तटबंदीचं शहर उभं केलं. नाव ठेवलं रब्द अल-खंदक. आपला खंदक आणि हा खंदक एकच. ९६१ मध्ये बायझंटाइनांनी बेट परत घेतलं, तोवर ग्रीक जिभेवर खंदकाचा ‘खान्दाक्स’ झाला होता. १२०४ मध्ये क्रुसेडरांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, त्या धामधुमीत व्हेनिसने बेटावरचा हक्क विकत घेतला आणि इटालियन तोंडात खान्दाक्सचं ‘कान्दिया’ झालं. नंतर हे शहराचं नाव पसरून अख्ख्या बेटाला लागलं. व्हेनिसच्या दप्तरात बेटाचा उल्लेख ‘कान्दियाचं राज्य’ असा येतो. १६४८ ते १६६९ असा एकवीस वर्षांचा वेढा घालून ऑटोमनांनी हे शहर घेतलं. त्यांनी शहराला कांदिये म्हटलं, पण बेटाला मात्र ‘गिरीत’, म्हणजे मूळ क्रीतीचंच तुर्की रूप. शहरातले ग्रीक त्या काळात आपल्या शहराला ‘मेगालो कास्त्रो’, मोठा किल्ला म्हणत. आज नकाशावर दिसणारं इराक्लिओ हे प्राचीन काळातलं नाव एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुढे आलं.

मग गेमच्या प्रांताचं नाव काय ठेवायचं? १४४४ मध्ये बेट व्हेनिसकडे आहे, म्हणून बेटाचं नाव कान्दिया आणि राजधानीचंही कान्दियाच. ऑटोमनांनी जिंकलं तर बेट गिरीत, शहर कांदिये. बायझंटाइनांनी परत मिळवलं तर बेट क्रीती, शहर खान्दाक्स. सुदैवाने गेममध्ये प्रांताचं नाव आणि राजधानीच्या गावाचं नाव वेगवेगळं नोंदवता येतं, त्यामुळे हे सगळं बसतं. इराक्लिओ मात्र या नकाशावर कुठेही येता कामा नये. आजच्या नकाशातून उचललेलं नाव चार-पाचशे वर्षं मागे चिकटवणं हा या कामातला सगळ्यात सर्रास दोष आहे. नाव ग्रीक आहे, प्राचीनही आहे, म्हणून तो चटकन लक्षातही येत नाही.

एजियनमधली बाकीची बेटं भराभर बघता येतील. लेस्बोसवर १४६२ पर्यंत गात्तिलुझिओ हे जिनोव्हाचं घराणं होतं. लोक बेटाला त्याच्या मुख्य शहरावरून मितिलिनी म्हणत आणि त्यावरूनच तुर्की ‘मिदिल्ली’ आलं. खिओस जिनोव्हाच्या कागदांत ‘शिओ’. ऑटोमनांनी १५६६ मध्ये ते घेतलं. त्यांचं नाव ‘साकिझ’, तिथल्या झाडांच्या सुगंधी डिंकावरून. युनानी औषधांच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून मिळतो तोच हा डिंक. कोस हे ऱ्होड्स बेटावरच्या नाइट लोकांसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांसाठी ‘लांगो’ होतं आणि तुर्कांसाठी ‘इस्तांकोय’. एव्हिया म्हणजे व्हेनिसचं ‘नेग्रोपोन्ते’. १४७० मध्ये ते पडल्यावर ऑटोमन दप्तरात त्याचं ‘अरिबोझ’ झालं. इथे एक तांत्रिक अडचणही आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ पश्चिम युरोपीय अक्षरांच्या मर्यादित संचावर चालतो. वर चंद्रकोर असलेला तुर्की ‘ग’ त्यात नाही, त्यामुळे या बेटाचं नाव साध्या ‘ग’ने लिहावं लागतं आणि ‘अग्रिबोझ’ असं वाचलं जातं. ही मर्यादा समजून घ्यावी, त्यासाठी मॉडरला दोष देऊ नये.

एजियनसाठी पुरावा मात्र भरपूर आहे. क्रिस्तोफोरो बुओन्देलमोन्ती या फ्लॉरेन्सच्या पाद्र्याने १४२० च्या सुमारास या बेटांचं नकाशांसकट वर्णन लिहिलं, म्हणजे गेम सुरू होण्याच्या जेमतेम पंचवीस वर्षं आधी. पुढच्या शतकात पिरी रईस या ऑटोमन दर्यावर्द्याने १५२१ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांचा आणि बेटांचा मोठा ग्रंथ रचला. एकात इटालियन रूपं, दुसऱ्यात तुर्की. नावांचं काम करणाऱ्याला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

कॅरिबियनमध्ये बेट आणि गाव यांची चक्क अदलाबदल झाली. कोलंबसने १४९३ मध्ये बोरिकेन बेटाला सान हुआन बाउतिस्ता असं नाव दिलं. त्यावरच्या बंदराच्या शहराला स्पॅनिश लोक पुएर्तो रिको, म्हणजे श्रीमंत बंदर म्हणू लागले. पुढे हळूहळू बेट पुएर्तो रिको झालं आणि शहर सान हुआन. गेममध्ये स्पेनची एकच ओळ असल्याने दोनांपैकी एकच काळ दाखवता येतो. मी तरी नंतरचं नाव घेईन, कारण खेळातली बहुतेक शतकं त्यानेच व्यापलेली आहेत.

ज्या बेटांवर माणूसच नव्हता तिथे ‘मूळ रहिवाशांचं नाव’ हा आधारच नाही. मॉरिशसचंच घ्या. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होतं. १५०२ च्या कान्तिनो नकाशावर त्याचं अरबी वळणाचं ‘दिना अरोबी’ हे नाव सापडतं. पोर्तुगीज त्याला ‘सिर्ने’ म्हणत. डचांनी १५९८ मध्ये उतरून आपला राजपुत्र मॉरिस याच्यावरून नाव ठेवलं, १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेऊन त्याचं ‘ईल द फ्रान्स’ केलं. १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकलं आणि डचांचं नाव परत आणलं. इथे मालकानुसार नाव बदलण्याचा नियम अचूक चालतो, एकेका मालकाचं एकेक नाव. कोकणातून आणि घाटावरून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मराठी माणसांशी या बेटाचं नातं आहे, आणि आजही तिथे मराठी शिकवली जाते. पण करारबद्ध मजुरांची जहाजं १८३४ पासून जाऊ लागली, म्हणजे गेम संपल्यावर. भोजपुरी मजुरांच्या तोंडचं ‘मिरिच’ किंवा ‘मारीच’ हे नाव कितीही गोड असलं तरी ते या नकाशावर यायचं नाही.

शेजारच्या रेयुनिओं बेटावर मात्र हाच नियम कोलमडतो. फ्रेंचांनी १६४९ मध्ये आपल्या राजघराण्यावरून त्याचं ‘बूर्बों’ असं नाव ठेवलं. राज्यक्रांतीने बूर्बों राजा उखडला आणि १७९३ मध्ये बेट ‘रेयुनिओं’ झालं. १८०६ मध्ये ‘बोनापार्त’. १८१० मध्ये इंग्रज आले आणि पुन्हा ‘बूर्बों’. ते परत फ्रान्सकडे गेलं तरी ‘बूर्बों’च राहिलं, आणि १८४८ मध्ये पुन्हा ‘रेयुनिओं’. मधला इंग्रजांचा छोटा काळ सोडला तर मालक सतत फ्रान्सच, बदलत होतं ते पॅरिसमधलं सरकार. फ्रेंच फाइलीत एकच ओळ लिहिता येते, म्हणून तिथे ‘बूर्बों’ लिहावं आणि क्रांती झाली की नाव बदलणारी एक स्वतंत्र घटना गेममध्ये घालावी. स्क्रिप्टमधून प्रांताचं नाव बदलायची सोय आहे. नेमकं असंच एखाद्या बेटापाशी तिचं चीज होतं.

भविष्यातून आलेली नावं हा आणखी एक मोठा विषय. फिलिपिन्स हे नाव १५४३ मध्ये व्हिल्यालोबोस या स्पॅनिश दर्यावर्द्याने युवराज फिलिपवरून लेइते-सामार भागाला दिलं आणि नंतर ते सगळ्या द्वीपसमूहाला लागलं. १४४४ मध्ये लुझोन, सेबू अशी वेगवेगळी बेटं आणि बंदरं होती, त्यांना एकत्र बांधणारं नाव नव्हतं. तैवानचंही तसंच. हे मुळात डचांनी १६२४ मध्ये ठाणं वसवलं त्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या जागेचं नाव. चिनी लेखनात त्याआधी बेटाला ‘छोटं ल्यूच्यू’ म्हणत, पोर्तुगीज खलाशी ‘फॉर्मोझा’ म्हणत. १६८३ मध्ये चिंग साम्राज्याने बेट घेतलं आणि तैवान हे अख्ख्या बेटाचं सरकारी नाव झालं. जपानच्या उत्तरेचं बेट १८६९ पर्यंत ‘एझो’ होतं, होक्काइदो हे त्यानंतरचं.

न्यूझीलंडबाबत तर चांगला हेतूच आडवा येतो. मूळ नाव द्यावं म्हणून मॉडर दोन्ही बेटांवर ‘आओतेआरोआ’ लिहितात. पण सगळ्या देशासाठी हे नाव रूढ झालं ते एकोणिसाव्या शतकात. माओरी परंपरेत उत्तरेचं बेट ‘ते इका-आ-माउई’, म्हणजे माउईचा मासा, आणि दक्षिणेचं ‘ते वाइपोउनामु’, हिरव्या दगडाचं पाणी. प्रांत जर बेटानुसार पाडले असतील तर हीच नावं हवीत. हैतीचं उदाहरण याच्या उलट आहे. फ्रेंच ‘सां-दोमांग’मधले गुलाम लढून स्वतंत्र झाले आणि १ जानेवारी १८०४ ला त्यांचा सेनानी देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा त्यांनी तिथल्या तायनो लोकांचा जुना शब्द मुद्दाम उचलला. तायनो समाज तोवर जवळजवळ संपवला गेला होता. म्हणजे तेच नाव १४४४ मध्येही शोभतं आणि १८०४ मध्येही, फक्त उच्चारणारे बदलले. दोन्ही ओळी फाइलीत असायलाच हव्यात.

आता आपला किनारा. साष्टी बेट १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेलं, त्यांनी ‘साल्सेत’ लिहिलं. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली आणि बेट मराठ्यांकडे आलं. १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं आणि कागदोपत्री पुन्हा साल्सेट झालं. इथे मराठा फाइलीतली ‘साष्टी’ ही ओळ निर्विवाद आहे.

मुंबई जरा अवघड. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं. १४४४ मध्ये त्यांतलं वजनदार ठाणं माहीम, गुजरातच्या सुलतानाचा अंमल तिथून चाले. सातही बेटांचा मिळून एकच प्रांत केला तर सुरुवातीचं नाव ‘माहीम’ असावं असं माझं ठाम मत आहे. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखनात मोंबाईं, बोंबाईं अशी दोन्ही रूपं आहेत. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारातून ते हुंडा म्हणून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये त्याच्याकडून कंपनीकडे गेलं, तिथून ‘बॉम्बे’. मराठ्यांनी घेतलं तर ‘मुंबई’. गोव्याच्या मधल्या बेटासाठी पोर्तुगीजांचा शब्द नुसता ‘इल्यास’, म्हणजे बेटं. स्थानिक नाव तिसवाडी. आणि ‘जंजिरा’ हे नाव जपून वापरावं. मराठी दप्तरात कुठल्याही जलदुर्गाला जंजिरा म्हणत, जंजिरे सुवर्णदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग. सिद्दीच्या बेटाला हवं असेल तर ‘जंजिरे मेहरूब’ असं पूर्ण नाव लिहावं, नाहीतर राजपुरी.

वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिला ‘बाजीपूर’ असंही नाव दिलं होतं. ते टिकलं नाही, लोक वसईच म्हणत राहिले. असं नाव फाइलीत कायमचं न घालता, विजयानंतर खेळणाऱ्याला ‘नाव बदलायचं का’ असं विचारणारी घटना द्यावी. ज्याला हवं त्याने बाजीपूर करावं.

राहिला प्रश्न मराठ्यांनी खेळात सोकोत्रा, मालदीव किंवा अगदी अझोर बेटं जिंकली तर काय करायचं, हा. काही मॉडर प्रत्येक प्रांतासाठी प्रत्येक भाषेत नाव रचून ठेवतात. ते टाळावं. ज्या बेटाचा उल्लेख त्या काळच्या मराठी कागदांत कुठल्याही रूपात सापडत नाही, त्याच्यासाठी मराठा फाइलीत ओळच लिहू नये. मग गेम आधीचं नाव तसंच ठेवतो, आणि नव्याने ताबा घेणाऱ्या आरमाराने खरोखरही बहुतेक वेळा तेच केलं असतं.